कोंबड्यांच्या फीडरबद्दल पण कधीतरी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीच्या पानावर परसातल्या कोंबड्यांवर जे येतं ते मी नेमानं वाचतो. गिरिराज, वनराज, कावेरी या जाती घ्या, पहिल्या आठवड्यात लासोटाची लस द्या, शेड पूर्व-पश्चिम बांधा, सगळं बरोबर आहे, पण कोंबडीला खायला कशात घालायचं, म्हणजे फीडर कसा असावा, यावर एक ओळ नसते. कुक्कुटपालनात 60-70 टक्के खर्च खाद्याचा हे मात्र प्रत्येक लेखात असतं. मग त्यातलं पोटात किती जातं आणि मातीत किती, हे कोणी बघायचं?

आमच्या लांजा भागात अजून बऱ्याच घरी जुनी परात नाहीतर फुटकं घमेलं ठेवतात. कणी, तांदूळ अंगणात फेकलं तर काही बिघडत नाही, कोंबड्या उकरत बसतात, तेवढाच विरंगुळा. पण विकतचा मॅश (दळलेलं मिश्र खाद्य) परातीत घातला की बघा काय होतं ते. कोंबडी एक पाय आत टाकते, चोचीनं डावीकडं एक झटका, उजवीकडं एक झटका, मक्याचे तुकडे वेचून खाते आणि बाकी सगळा भुगा बाहेर उडवते, वर जाताना त्यातच शिटून जाते. बंदिस्त असेल तर मोठी कोंबडी दिवसाला 110-120 ग्रॅम खाते. 10 कोंबड्या धरल्या तर महिन्याला 33 किलोच्या वर जातं, त्यातलं पावभाग जरी सांडलं तरी 8 किलो, किलोला 40 रुपये धरा आणि हिशोब तुम्हीच करा. शिवाय सांडलेल्यावर उंदीर-घुशी येतात आणि उंदरामागं साप, ते वेगळंच.

आता लोक मोबाईलवर बघून महागडे फीडर मागवतात, पाय ठेवला की झाकण उघडतं असले. उंदरांपासून खाद्य वाचतं हे खरं, पण आपली गावठी कोंबडी किलो-सव्वा किलोची, तिच्या वजनानं झाकण उघडणार का हे आधी विचारून घ्या, आणि पिल्लांना तर ते जमायचंच नाही. माझं म्हणणं एवढंच की सांडणं थांबवायला पैसे लागत नाहीत, तीन गोष्टी लागतात. काठ आतल्या बाजूला वळलेला पायजे, भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला पायजे आणि भरायचं फक्त तिसरा हिस्सा. काठोकाठ भरायचा मोह होतो, सारखं कोण घालत बसणार म्हणून, पण तिथंच सगळं जातं.

सगळ्यात स्वस्त म्हणाल तर बांबू. आमच्याकडचा माणगा चालत नाही, तो जवळजवळ भरीव असतो, जाड आणि आतून पोकळ असा कळक घ्या. बरेच जण तो मधोमध उभा चिरतात आणि दोन पन्हाळी करतात, तसं करू नका. पेरं शाबूत ठेवून वरचा तिसराच हिस्सा काढायचा, म्हणजे दोन्ही काठ आपोआप आत वळलेले राहतात, वेगळी पट्टी मारायला नको. 4 इंची पीव्हीसी पाईपला पण हीच युक्ती चालते, दोन टोकांना टोपणं बसवली की झालं. वर एक काठी दोन खिळ्यांवर सैल ठेवायची, कोंबडी बसायला गेली की गरकन फिरते, परत त्या वाटेला जात नाही. लांबी मोठ्या कोंबडीला 10 सेंमी धरा, दोन्ही बाजूंनी खातात म्हणजे अर्धा मीटर 10 जणींना पुरतो. पण एकच लांब करण्यापेक्षा दोन छोटे करून लांब लांब ठेवलेले बरे कारण दांडग्या कोंबड्या गरीब कोंबडीला टोचून हाकलतात आणि ती बिचारी उपाशी राहते, मग आपण म्हणतो ही अंडी का देत नाही.

खाली एल्बो (वळणाचा जोड) लावलेला उभा पाईप हल्ली सगळीकडं दिसतो. दाण्याला किंवा पेलेटला (दाबून केलेल्या खाद्याच्या गोळ्यांना) मस्त, पण कोकणातल्या पावसाळ्यात मॅश ओल धरतो आणि वळणावर गच्च बसतो, वरून पाईप भरलेला आणि खाली कोंबड्या रिकाम्या पोटी. आत बुरशी धरली तर दिसत पण नाही. मक्यावर, शेंगदाणा पेंडेवर जी बुरशी येते तिच्यात अफ्लाटॉक्सिन असतं, ते लिव्हर खराब करतं, पिल्लं तर पटकन मरतात. म्हणून जून ते सप्टेंबर उघडं भांडंच बरं, रोज झटकून वाळवता येतं आणि रात्री उचलून आत ठेवता येतं. मॅश भिजवून देत असाल तर कोंबड्या लगेच संपवतील तेवढाच भिजवा, नाहीतर आंबतो.

पिल्लांचं वेगळं असतं. पहिले दोन-तीन दिवस आम्ही कागदावरच भरडा टाकतो (खरं सांगायचं तर तुमचाच पेपर असतो, राग मानू नका), पण गुळगुळीत कागदावर पाय घसरून फाकतात म्हणून खाली गोणपाट आणि वर कागदाचा छोटा तुकडा. नंतर खाचांचा पिल्लांचा फीडर, तोही पिल्लं वाढतील तसा एकेक वीट लावून वर घ्यायचा. ही वीट लावायचीच लोक विसरतात.

पशुसंवर्धन खात्याच्या योजनेत 50 टक्के अनुदानावर तलंगा (अंड्यावर येणाऱ्या तरुण कोंबड्या) नाहीतर एक दिवसाची पिल्लं मिळतात, चांगलं आहे, पण सोबत मापाचं एक चित्र तरी द्यावं असं खात्याला आपल्या पेपरातून सांगा. आणि पाऊस सुरू व्हायच्या आत तुम्हीही छापा, आतला काठ, उंची, लांबी नीट दाखवून. आमच्या बाजारात पत्र्याचं काम करणारा आहे, तो तेलाच्या डब्यातून एका दुपारी करून देतो, धार पण आत मुडपून देतो, त्याला फक्त माप सांगावं लागतं.

आपला,
एक वाचक, ता. लांजा, जि. रत्नागिरी