तुझ्या रबराला गुटी बांधली

मंगळवार पेठ, कोल्हापूर

प्रिय सुन्या,

नाशिकला बदली झाली तेव्हा “दोन महिने सांभाळ” म्हणून माझ्या गळ्यात मारलेलं तुझं रबराचं झाड आता गॅलरीच्या छताला टेकलंय. तीन वर्षं झाली, लेका.

मधे मरता मरता वाचलं. खालची पानं पिवळी पडून गळायला लागली. मला वाटलं तहान लागली असेल, म्हणून आणखी पाणी. मग कळलं, सकाळी मी घालतोय आणि संध्याकाळी आई. कुंडी उपडी केली तर मुळं कुजून काळी! ती छाटली, माती बदलली. आता बोट खुपसून वरची माती कोरडी लागली तरच पाणी. आईला हे पटत नाही. “झाडाला विचारून पाणी घालतात होय?”

टायरचं रबर ह्याचंच, अशी माझी समजूत होती. तसं नाही. केरळात चीक काढतात ते झाड मूळ ब्राझीलकडचं, कुळच वेगळं. पूर्वी आसामात ह्याच्याही चिकाचं रबर करायचे, पण त्या पाहुण्यापुढे हे मागं पडलं. हे मात्र ईशान्येपासून जावा-सुमात्रापर्यंतच्या रानातलं, वड-उंबरांच्या भावकीतलं. नरसोबाच्या वाडीत औदुंबराला प्रदक्षिणा घालायचो ना, त्याचा हा चुलतभाऊ! रानात 30 मीटरच्या वर जातं. मेघालयात खासी लोक ह्याचीच पारंब्यांसारखी मुळं ओढ्यापलीकडं वळवत नेतात आणि जिवंत पूल करतात. माणसाचं वजन पेलायला पंधरा-वीस वर्षं लागतात म्हणे. आणि आपण त्याला बारा इंची कुंडीत उभं केलंय.

नवं पान लाल टोकदार म्यानातून उलगडतं, ते बघायला मी चहा घेऊन गॅलरीत बसतो. बायको हसते.

पण छतापुढं इलाज नाही. म्हणून परवा शेंड्याखाली इंचभर साल गोल काढली, पांढरा चीक पुसला, ओलं शेवाळ लावून प्लॅस्टिक गुंडाळलं, म्हणजे गुटी बांधली. पावसाळी हवा आहे, तिथं मुळं धरतील, मग शेंडा कापून वेगळा लावता येईल. चीक हाताला लागून खाज सुटली ती वेगळीच, आणि सदऱ्यावरचा डाग जात नाही. तो सदरा तुझ्या नावावर मांडलाय.

दिवाळीला ये, शेंडा घेऊन जा. बुडखा इथंच राहणार, आईनं बजावलंय.

तुझा,
बाळू