मोठ्यांना एक तास आणि एक भिंत द्या

महोदय,

एप्रिल लागला की आपल्या अंकात उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती सुरू होतात. पोहणं, स्केटिंग, कराटे, हस्ताक्षर, टेनिस. प्रत्येकीखाली एक ओळ ठरलेली : वयोगट 6 ते 16. माझं वय 54. बेळगावात उद्यमबागेतल्या एका कारखान्यात मशीन शॉपचा सुपरवायझर आहे, वडगावात राहतो आणि गेली चार वर्षं टेनिस शिकतोय. खेळतोय म्हणत नाही, शिकतोय म्हणतो. त्यातला फरक कोर्टावरच्या पोरांनी मला नीट समजावून दिला आहे.

पंधरा दिवसांपूर्वी याच सदरात एका वाचकानं लिहिलं होतं की पन्नाशी उलटलेल्यांनी सकाळी चालावं, प्राणायाम करावा, पोरांच्या मैदानात जाऊन गर्दी करू नये. त्यांच्यावर राग नाही. माझ्या घरीही हेच मत आहे. पण त्यांनी पुढं असंही लिहिलंय की या वयात नवीन काही अंगात येत नाही, आणि तेवढ्यासाठी हे पत्र.

सुरुवात साखरेपासून झाली. डॉक्टर म्हणाले, "साखर अजून सीमेवर आहे." मी म्हटलं, आमच्याकडं सगळं सीमेवरच असतं. पोरगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याची रॅकेट माळ्यावर राहिली होती. ती खाली काढली, पुसली आणि एका मैदानाच्या ऑफिसात जाऊन चौकशी केली. "मोठ्यांची बॅच नाही. पोरांबरोबर चालत असेल तर या."

चालत असेल तर! पहिल्या दिवशी नऊ-दहा वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढची पोरगी माझ्या पट्ट्याएवढी. माझा नंबर आला, सरांनी तीन चेंडू टाकले, तिन्ही चुकले. एकाला तर रॅकेट लागलीच नाही. ती पोरगी वळून म्हणाली, "काका, चेंडूकडं बघा की ओ. सरांकडं काय बघायलाय?" चार वर्षांत मला मिळालेल्या सल्ल्यांत हा अजून पहिल्या नंबरवर आहे.

सर धारवाडकडचे. कन्नड आणि मराठी यांची मिसळ करून बोलतात, आणि माझ्याशी बोलताना त्यांचे शब्द दोनच : "सावकाश री" आणि "इन्नोंद सल". म्हणजे आणखी एकदा. सावकाश हा शब्द त्यांच्या कन्नडातही तोच आहे, त्यामुळं आमच्यात गैरसमजाला जागा राहिली नाही.

आता या सावकाशीचा हिशोब सांगतो, कारण कुणीच तो मांडत नाही. आठवड्याला दोन दिवस, दिवसाला एक तास. आमचं कोर्ट तांबड्या मातीचं. जूनमध्ये ताडपत्री पडते ती सप्टेंबर संपल्यावर निघते. बेळगावच्या पावसाबद्दल बेळगावकरांना मी काय सांगू. म्हणजे वर्षातले आठ महिने, धरा 65 तास. चार वर्षांचे 260. त्यातून कोपराच्या दुखण्याचे दोन महिने वजा. अडीचशेच्या आत-बाहेर. माझ्या रांगेतली ती पोरगी आठवड्याला पाच दिवस, दोन-दोन तास येते. तिचे अडीचशे तास सहा महिन्यांत भरतात. शिवाय दर ऑक्टोबरात माझी निम्मी पाटी पुसलेली असते ती वेगळीच. तेव्हा मी चार वर्षांचा शिकाऊ नाही, सहा महिन्यांचा आहे. सहा महिन्यांच्या अप्रेंटिसला आम्ही शॉपमध्ये क्रँकशाफ्टजवळ उभं करत नाही, भंगारातले तुकडे फेसिंगला देतो. हा हिशोब कागदावर मांडला त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

पण सगळं तासांवर ढकलणार नाही. मोठ्या माणसाची म्हणून एक वेगळी अडचण आहे, ती सर्व्हनं, म्हणजे खेळ सुरू करायच्या पहिल्या फटक्यानं, मला दाखवली.

पहिलं दीड वर्ष मी सर्व्ह करताना रॅकेट उलथन्यासारखी धरायचो, तारा सरळ समोर. चेंडू आत पडायचा, पण इतका मऊ की समोरच्यानं चहा पिऊन यावं आणि मग मारावा. बायको एकदाच बघायला आली होती. जाताना म्हणाली, "डोसा परतायलाय काय ओ?" सरांनी सांगितलं, हातोडी धरतो तशी धरा. हातोडी मी 32 वर्षं धरतोय. पण तशी धरून सर्व्ह केली की चेंडू डावीकडं, थेट शेजारच्या कोर्टात. एक नाही, दोन नाही, सहा महिने. मी सर्व्हसाठी चेंडू वर उडवायला हात नेला की शेजारची पोरं आपला खेळ थांबवून बाजूला व्हायची, रेल्वे गेट पडल्यावर थांबतात तशी. मोठ्या माणसाला जड जातं ते हे. थोडंफार जे जमत होतं ते मोडायचं आणि आधीपेक्षा वाईट खेळायचं, तेही फी भरून, पोरांच्या समोर. लहान मुलाकडं मोडायला काही नसतंच.

उलगडा कारखान्यात झाला. एका मशीनच्या कंट्रोल पॅनेलचं झाकण काढत होतो. वरच्या कोपऱ्यातला स्क्रू गंजून बसलेला. हात डोक्याच्या वर, स्क्रू ड्रायव्हरवर सगळा जोर. स्क्रू 'कट्' करून सुटला आणि मी हात तसाच वर ठेवून थांबलो. मनगट ताठ होतं. पिळला गेला होता तो कोपराखालचा हात, आतल्या अंगाला, अंगठा डावीकडून खाली. सर सहा महिने हेच करून दाखवत होते : रॅकेटची कड चेंडूकडं न्यायची आणि शेवटच्या क्षणी हात पिळून तारा समोर आणायच्या. मी ऐकत होतो आणि मनगट वाकवत होतो. उजव्या हातानं स्क्रू आवळताना पीळ उलटा पडतो, सोडताना बरोबर हाच पडतो. सर्व्ह करणं म्हणजे डोक्यावरचा स्क्रू सोडणं. हात वर करून मी दोन-तीनदा तसंच केलं. खाली शिडी धरून उभा असलेला पोरगा घाबरून म्हणाला, "साहेब, शॉक बसला काय ओ?"

त्या शनिवारी दहापैकी तीन सर्व्ह आत पडल्या. तीन म्हणजे फार नाही, पण त्या तिन्हींचा आवाज वेगळा होता. त्याला आज दोन वर्षं झाली. आता दहापैकी सहा पडतात. सहाचे सात होतील करून सर म्हणतात. कधी, ते त्यांनी सांगितलेलं नाही.

कोपराचं दुखणं पहिल्या वर्षाच्या शेवटाला सुरू झालं. तांब्या उचलताना कळ, नळ पिळताना कळ. बॅकहँडला चेंडू उशिरा गाठायचो आणि तारा 56 पौंडांवर ताणलेल्या, कारण पोरगा तशा ताणून घ्यायचा. त्या 48 वर आणल्या. फिजिओथेरपीवाल्या बाईंनी व्यायाम दिला तोही सावकाशीचाच : वजन चांगल्या हातानं उचलून दुखऱ्या हातात द्यायचं आणि दुखऱ्या हातानं हळूहळू खाली सोडायचं. मी भंगारातून एक किलोचा बार कापून घेतला. अजून उशाशी असतो.

एका गोष्टीत मात्र वय उपयोगी पडलं. पोरांना सर म्हणतात "तिरकं मारा" आणि पोरं तिरकं मारतात. मला का ते कळल्याशिवाय हात वळत नाही. मी आपला सरळ रेषेत मारायचो आणि चेंडू नेटात घालवायचो. शेवटी एका रविवारी टेप घेऊन गेलो. कोर्टाची लांबी 78 फूट. सिंगल्सची रुंदी 27. नेट खांबाशी साडेतीन फूट, मधोमध तीन. मातीवरच काटकीनं आकडे मांडून कर्ण काढला, साडेब्याऐंशी फूट. म्हणजे कोपऱ्यातून कोपऱ्यात मारलं की नेटचा बुटका भाग वाट्याला येतो, सहा इंचांपर्यंतचा फायदा, आणि चेंडू पडायला साडेचार फूट लांबी जास्त. आम्ही दिवसभर मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी भांडणारी माणसं. आम्हाला कुणी सहा इंच फुकट देत असेल तर सोडायचे कसे? त्या दिवसापासून मी तिरकं मारतो. सरांना आकडे दाखवले तर ते म्हणाले, "हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं री."

मी टेनिस शिकतो म्हटलं की लोक हमखास बोपण्णांचं नाव काढतात. आपल्याच राज्यातले, कोडगूचे. 2024 च्या जानेवारीत 43 व्या वर्षी मॅथ्यू एब्डन यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकली आणि त्याच वयात दुहेरीत जगात पहिले झाले. अभिमान आहेच. पण हे उदाहरण मला देऊ नका. त्यांनी 43 व्या वर्षी सुरुवात केली नव्हती, लहानपणापासूनचे हजारो तास त्यांच्या हातात मुरलेले होते. माझ्यासारख्याला त्यांच्याकडं बघून हुरूप येत नाही, उलट लाजच वाटते. मला हुरूप येतो तो आमच्यातल्या नर्सबाईंकडं बघून. रात्रपाळी संपवून त्या सरळ कोर्टावर येतात. गेल्या वर्षी त्यांना चेंडू सलग चारदा परत करता येत नव्हता. या फेब्रुवारीत आम्ही दोघांनी मिळून 31 मोजले. बत्तिसावा माझ्याकडून गेला.

आम्ही असे चौघं आहोत. मी, नर्सबाई, शहापूर खडेबाजारातले एक साड्यांचे दुकानदार आणि कंग्राळीचे एक निवृत्त विज्ञान शिक्षक, जे डबल फॉल्ट झाला, म्हणजे लागोपाठ दोन्ही सर्व्ह चुकल्या, की कारण समजावून सांगतात आणि पुन्हा डबल फॉल्ट करतात. शहरात शोधलं तर आणखी पंधरा-वीस निघतील. ते येत नाहीत कारण पोरांच्या रांगेत उभं राहायची लाज वाटते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

तेव्हा मैदानं चालवणाऱ्यांकडं, संस्थांकडं आणि महानगरपालिकेकडं आपल्या पत्रामार्फत मागणं असं. एक तास मोठ्यांचा ठेवा. सकाळी पावणेसहा ते पावणेसात चालेल, पोरांच्या बॅचच्या आधी, कुणाचं काही अडणार नाही. त्या तासाला हिरव्या ठिपक्याचे चेंडू द्या. ते नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे 25 टक्के संथ येतात. पोरांना आपण ते देतो आणि मोठ्या नवशिक्याच्या हातात मात्र पहिल्याच दिवशी पुऱ्या वेगाचा चेंडू देतो, का तर त्याचा अपमान होईल म्हणून. मी स्वतः मागितले तेव्हा सर संकोचले होते. माझा काही अपमान झाला नाही. पहिल्यांदाच मला चेंडू येताना दिसला, एवढंच झालं.

आणि एक भिंत बांधा. खरं मागणं हेच आहे. तीन चेंडूंचा डबा चार-पाचशे रुपयांना पडतो, जोडीदाराला वेळ नसतो, सरांना पोरं असतात. भिंतीला यातलं काही नसतं. दहा फूट उंच, पंचवीस फूट रुंद, गुळगुळीत प्लास्टर, आणि जमिनीपासून तीन फुटांवर एक पांढरी रेघ, नेटची म्हणून. मैदानाच्या पश्चिमेच्या अंगाला बांधली तर सकाळचं ऊन पाठीवर राहील आणि संध्याकाळी भिंतीचीच सावली पडेल. सिमेंट-विटांसाठी आम्ही चौघं वर्गणी काढायला तयार आहोत. सळ्या कापून-वाकवून द्यायचं काम माझ्याकडं. पुढं शिकतील त्या पोरांनाही ती उपयोगी पडेलच, पोरांनी आमच्याबरोबर रांगेत उभं राहायला हरकत नाही.

भिंतीचा अनुभव माझ्या गाठीशी आहे. आमच्या शेडच्या मागं कंपाउंडची जुनी भिंत आहे, तिच्यावर टेपनं मोजून मी खडूची रेघ मारली होती. दुपारच्या सुट्टीत डबा खाऊन झाला की वीस मिनिटं तिथं. भिंत थकत नाही, हसत नाही आणि प्रत्येक चेंडू परत देते. थोडा लवकरच देते. दसऱ्याच्या आधी मालकांनी कंपाउंडला चुना मारून घेतला आणि माझी रेघ गेली. दुसऱ्या दिवशी बघतो तर वॉचमननं आपणहून नवी मारून ठेवलेली. आठ दिवस माझा एकही चेंडू रेघेखाली गेला नाही. घरी सांगितलं, सरांना सांगितलं, विज्ञानाच्या सरांनी त्याचं कारणही समजावून दिलं. नवव्या दिवशी संशय आला म्हणून टेप लावली. रेघ अडीच फुटांवर होती.

मैदानातल्या भिंतीवर रेघ मारायला मी स्वतः येईन.

आपला,
एक मशीन शॉपवाला
वडगाव, बेळगाव