डोंबिवलीहून

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर विषय काढला की बाबा "बरं, बरं" म्हणत फोन आईकडे देतात आणि आई रडते, म्हणून लिहितेय.

पार्ल्याच्या आत्याकडून मी निघाले. डोंबिवलीत खोली घेतली, डिपॉझिट भरलं, सामानही आणलं. भांडण नाही, रुसवा नाही. निनादचं लग्न तोंडावर आलंय. त्या एवढ्याशा जागेत नव्या सुनेने माझ्यासमोर किती संकोचून वावरायचं? आत्या "राहा गं" म्हणाली, ती म्हणणारच. तिला यावरून काही विचारू नका. आणि बाबा, पार्ल्यात वेगळी खोली माझ्या पगारात बसत नाही. सोलापूरच्या नोकरीलाही नकार कळवलाय. रागावू नका.

तुमच्या मनात मुंब्रा आहे, ठाऊक आहे मला. २०२५च्या जूनमध्ये तिथल्या वळणावर दारातली माणसं पडली, ती बातमी बाबा विसरणार नाहीत. मीही रोज मुंब्र्यावरूनच जाते, लपवत नाही. पण मी दारात उभी राहत नाही. डोंबिवलीहूनच सुटणारी फास्ट लोकल पकडते. तीसुद्धा रिकामी नसते, मागच्या स्टेशनांवरून उलट्या येऊन बायका आधीच जागा धरून बसतात! तरी चौथी सीट मिळते, म्हणजे तिघींच्या बाकावर टेकायला चार बोटं जागा. शिवाय "ठाणा कोण?" असं विचारून ठेवलं की उतरणारीची जागा आपली. कुर्ला गेलं की दाराकडे सरकायचं, कारण पुढचं थेट दादर. तिथून वेस्टर्नची स्लो, तिसरं स्टेशन महालक्ष्मी. झालं.

आत्याने प्लॅटफॉर्मची चिठ्ठी लिहून दिली होती, तिच्या नोकरीच्या काळातली. दादरचे नंबर मात्र २०२३च्या डिसेंबरात बदलले. वेस्टर्नचे एक ते सात तसेच, सेंट्रलचा एक आता आठ. जुनी माणसं अजून जुनेच नंबर सांगतात, म्हणून मी माणसाला न विचारता इंडिकेटर बघते. त्यावर 'एस' वेळेच्या आधी आला तर कर्जत, नंतर आला तर स्लो. 'एन' म्हणजे कसारा. संध्याकाळी या दोन्हींत मी चढत नाही, लांबचे लोक डोंबिवलीकरांवर भारी खार खाऊन असतात. (त्यांचंही खरंच आहे म्हणा.)

खोलीत पाणी दोन्ही वेळा येतं. खाली पोळीभाजी केंद्र आहे, पोळ्या मऊ असतात. तुझ्यासारख्या नाहीत गं आई, पण मी जेवते. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत बाबा मला खांद्यावर घ्यायचे आणि मी वरून "आता डावीकडे" सांगायचे, आठवतं? रस्ता सापडतो मला, बाबा.

आता ऐका. दिवाळीनंतर सिद्धेश्वर एक्सप्रेसने या. दादरपर्यंत यायचं नाही, कल्याणलाच उतरायचं. पहाट असेल, जिना चढायचा नाही, आईचा गुडघा आधीच बोलतोय. मी डब्यापाशी येते, तोवर जागचं हलू नका. बाबांनी शुगरच्या गोळ्या पिशवीत नाही, शर्टाच्या खिशात ठेवायच्या. लोअर बर्थ दोन्ही मिळत असतील तरच तिकीट काढा, नाहीतर मला सांगा, मी इथून बघते. आणि लोणचं एकच बरणी आणा. आई, एकच!

तुमची,
छकुली