सोनोग्राफीतल्या वजनाच्या आकड्याने घाबरू नका

मा. संपादक साहेब,

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत गरोदरपणातल्या आहारावर अख्खं पान आलं होतं, चांगलं होतं, पण पोटातल्या बाळाचं वजन वाढवायला काय काय खावं ती यादी वाचली आणि आमचा मागचा उन्हाळा आठवला म्हणून लिहितेय.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. 33व्या आठवड्यात सोनोग्राफी झाली, बाळाचं वजन 1750 ग्रॅम. रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर गेला आणि तासाभरात विहीणबाईंचा फोन, बाळ फारच बारीक आहे हो, तूप वाढवा. शेजारणीने सुनेचा उरलेला प्रोटीन पावडरचा डबा आणून दिला. पोरगी ताटावर बसली की रडायची, कारण त्या दिवसांत पोट एवढं वर आलेलं असतं की अर्ध्या भाकरीतच जळजळ सुरू. गंमत म्हणजे नववा लागल्यावर हीच शेजारीण म्हणाली आता बेतानं खाऊ दे, बाळ मोठं झालं तर सिझर करतील!

शेवटी डॉक्टरीणबाईंनी बसवून नीट समजावलं. सोनोग्राफीत बाळाला काही काट्यावर ठेवत नाहीत, डोकं, पोटाचा घेर, मांडीचं हाड मोजतात आणि त्यावरून मशीन अंदाज काढतं, त्यात 10-15 टक्के इकडेतिकडे होतंच. म्हणजे आमचं 1750 खरं तर दीड किलोही असेल नाहीतर दोन किलोही. त्या म्हणाल्या एका आकड्यावर मी काही ठरवत नाही, वाढ कशी होतेय ते बघू. 28 आठवड्यांना बाळ साधारण किलोभराचं असतं आणि पुढच्या बारा आठवड्यांत अडीच-तीन पट होतं, आठवड्याला 150-200 ग्रॅमच्या आसपास. तीन आठवड्यांनी परत बघितलं तर 2400. 39व्या आठवड्यात नातू झाला, काट्यावर 2650. त्यालाही लोकांनी नाकं मुरडली, पण कमी वजनाचं म्हणतात ते अडीच किलोच्या खालच्या बाळाला, हे कुणाला सांगणार.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. याज्ञिकांनी नव्वदच्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास केला होता. बायका एकूण किती खातात याच्याशी बाळाच्या वजनाचा तेवढा संबंध दिसला नाही, पण पालेभाज्या आणि फळं वरचेवर खाणाऱ्यांची बाळं जरा मोठी भरली. आमच्या दारात मेथी-शेपू पडलेली आणि आम्ही डबे फोडत बसलो होतो.

आता आईच्या वजनाचं. लेक आधी जिथे दाखवत होती त्या दवाखान्याच्या कार्डावर वजनाचा रकाना तीन वेळा कोरा, आणि एकदा तर चपला घालून, खांद्यावर पर्स तशीच ठेवून वजन घेतलेलं. हा रकाना मला फार महत्त्वाचा वाटतो त्याला कारण आहे. तीसेक वर्षांपूर्वी माझ्या जावेला आठव्या महिन्यात भराभर अंग आलं, आठवड्यात दोन किलो, सगळे खूश की बाळ धरतंय. पायातली जोडवी रुतली, ती सोनाराकडून कापून घेतली तरी कुणाच्या डोक्यात येईना. डोकं दुखायला लागलं तेव्हा दवाखान्यात नेलं तर बीपी 170, त्याच रात्री सिझर, बाळ 1800 ग्रॅमचं. ते वजन बाळाचं नव्हतंच, अंगात पाणी साठलेलं. शेवटच्या महिन्यांत आईचं वजन आठवड्याला चारशे-पाचशे ग्रॅम वाढणं ठीक, पण एकदम उडी मारली आणि हातातोंडावर सूज दिसली की थांबू नये, त्याच दिवशी बीपी बघून घ्यावं. आणि उलट, तीन-चार आठवडे काटा हललाच नाही तरी विचारावं.

तर पुढच्या वेळी खाण्याच्या यादीबरोबर कार्डावरचे रकाने कसे वाचायचे तेही छापा, घरातल्या सासवांना आणि माझ्यासारख्या आयांना पण कळेल. आणि साहेब, त्याच पानावर खाली पावडरची एवढी मोठी जाहिरात नको होती.

आपली,
एक वाचक आजी, फलटण