वाया गेलेले एक्स-रे कोण मोजणार?

मा. संपादक,
स. न.

८ नोव्हेंबर हा रेडिओलॉजीचा दिवस. १८९५ साली याच तारखेला राँटजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. दरवर्षी त्या दिवशी रुग्णालयांत फलक लागतात, केक कापला जातो. एक्स-रे विभागात उभी नोकरी काढलेल्या माणसाची मागणी एवढीच, की त्या फलकाशेजारी एक आकडाही लावावा : गेल्या महिन्यात किती एक्स-रे पुन्हा काढावे लागले आणि कशामुळे.

आमच्या वेळी बिघडलेली फिल्म डार्करूमच्या कोपऱ्यातल्या खोक्यात पडायची. खोके भरले की भंगारवाला चांदीसाठी घेऊन जायचा. ते किती लवकर भरले, हे साहेबांना येता-जाता दिसे. आता डिजिटल आले. चुकलेली प्रतिमा एका बटणात नाहीशी होते. फिल्म वाया जात नाही, म्हणून ‘परत काढू, काय बिघडलं’ ही सवय लागली. छातीच्या एका एक्स-रेत अंगात जाणारा किरणांचा डोस अगदी थोडा असतो, हे मान्य. पण पोटाच्या सीटी स्कॅनचा डोस निसर्गातून तीन-चार वर्षांत मिळणाऱ्या किरणांएवढा असतो आणि रुग्ण हलला म्हणून तोही पुन्हा करावा लागतो.

सीमाभागातल्या ज्या रुग्णालयात मी होतो, तिथे नव्या रेडिओलॉजिस्ट मॅडमनी क्लिनिकल ऑडिट सुरू केले, म्हणजे आपल्याच कामातल्या चुका मोजायच्या, सुधारायच्या आणि पुन्हा मोजायच्या. परत काढलेला प्रत्येक एक्स-रे आणि त्याचे कारण रजिस्टरमध्ये लिहायचे. पहिला आठवडा रजिस्टर कोरेच राहिले. लिहिले की मेमो येणार, अशी पोरांना धास्ती. मग मॅडमनी स्वतःच्या हाताने पहिली नोंद केली : निदानाला पुरेसा असलेला एक्स-रे आपण उगाच परत काढायला लावला. त्यानंतर पाने भरू लागली.

महिन्याने पाहिले, तर बायकांच्या छातीच्या एक्स-रेत सर्वाधिक नोंदी मंगळसूत्राच्या आणि वेणीच्या. मंगळसूत्र काढायला बाई कचरते आणि रांग लांबलेली असली की तंत्रज्ञही आग्रह धरत नाही. नेमके फुप्फुसावर मणी येतात. आम्ही सांगण्याची पद्धत बदलली. ‘काढून ठेवा’ऐवजी ‘मनगटाला गुंडाळून घ्या’ म्हणू लागलो. अंगावरून उतरवून दूर ठेवायचे नाही म्हटल्यावर कोणी अडेना. हात कमरेवर असल्याने मनगट चित्रात येत नाही. दुसरे कारण श्वास. कन्नड बोलणाऱ्या आजींना आमचे ‘श्वास घ्या, रोखून धरा’ कळतच नव्हते. आम्हालाच वाचून सांगता यावे म्हणून भिंतीवर मोठ्या अक्षरांत कन्नड वाक्य लिहून ठेवले : ‘उसिरु एळेदुकोळ्ळि, हिडिदुकोळ्ळि’. तीन महिन्यांनी पुन्हा मोजले, तेव्हा मंगळसूत्र आणि श्वास ही दोन्ही कारणे जवळपास दिसेनाशी झाली होती. यासाठी एक पैसाही लागला नाही.

ही दुसरी मोजणीच बहुतेक ठिकाणी होत नाही. रुग्णालयाच्या दर्जाच्या मानांकनाची तपासणी जवळ आली की वर्षभराचे रजिस्टर एका बैठकीत, एकाच पेनाने भरलेले मी पाहिले आहे. त्याला ऑडिट म्हणू नये.

अणुऊर्जा नियामक मंडळाच्या नियमांमुळे यंत्राची गुणवत्ता चाचणी दर दोन वर्षांनी होते. तंत्रज्ञाच्या छातीवरचा, त्याला मिळालेला डोस मोजणारा टीएलडी बिल्ला दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. मग आमच्या चुकीपायी रुग्णाला दुसऱ्यांदा मिळालेल्या डोसचा हिशेब का नको? लिहायला वेळ नाही, ही सबब मला पटत नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या कायद्याखाली गर्भवतीच्या प्रत्येक सोनोग्राफीचा एफ फॉर्म हेच विभाग भरतात आणि महिन्याचा अहवाल पुढच्या महिन्याच्या ५ तारखेपर्यंत पाठवतात. तिथे कायदा आहे, म्हणून वेळ निघतो.

आरोग्य विभागाने आणि महापालिकांनी आपल्या रुग्णालयांपासून सुरुवात करावी. कारण नोंदवल्याशिवाय प्रतिमा पुसता येणार नाही, अशी सोय यंत्रात करून घ्यावी. महिन्यातून अर्धा तास रेडिओलॉजिस्ट आणि तंत्रज्ञांनी एकत्र बसून त्या नोंदी वाचाव्यात, तीन महिन्यांनी फिरून मोजणी करावी. आणि त्या नोंदींवरून कोणालाही मेमो देणार नाही, असे अधीक्षकांनी आधी लेखी द्यावे.

— एक निवृत्त एक्स-रे तंत्रज्ञ, जि. सांगली