पिवळा कागद दिसला म्हणजे अंक ओरिजिनल असं नसतं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पुरवणीत जुन्या सायन्स फिक्शन पल्प मासिकांवर (लगद्याच्या स्वस्त कागदावर छापलेल्या) लेख वाचला, मजा आली, मराठीत या छंदावर कोणी फारसं लिहीतच नाही. पण ओरिजिनल अंक ओळखायची जी खूण त्यात दिलीय, कागद पिवळा हवा आणि कव्हरवर जुनी तारीख हवी, तेवढ्यावर कोणी पैसे मोजले तर फसलाच म्हणून समजा.

अहो, तारीख रिप्रिंटवरही तीच असते! 'अमेझिंग स्टोरीज' या अमेरिकन मासिकाचा एप्रिल १९२६ चा पहिला अंक घ्या, ह्यूगो गर्न्सबॅकने काढलेला, फ्रँक पॉलचं कव्हर, बर्फावर स्केटिंग करणारी माणसं, मागे शनीसारखा कडीवाला ग्रह, किंमत २५ सेंट. प्रतिकृतीत हे सगळं जसंच्या तसं येतं आणि विकणारे 'रिप्रिंट' हा शब्द वर्णनात पार तळाला ढकलतात नाहीतर गाळूनच टाकतात, याचा मला भयंकर राग येतो.

आधी पट्टी लावून बघा. सुरुवातीचे 'अमेझिंग' साधारण साडेआठ बाय अकरा इंचाचे आहेत, नेहमीचा पल्प सात बाय दहाच्या आसपास. मग कागद. लाकडाच्या लगद्याचा, आम्ल भरपूर, त्यामुळे तो कडेकडून आत तपकिरी होत जातो आणि कोपरा जरा दुमडला की तुकडा हातात येतो. स्कॅन करून छापलेल्या प्रतीत कधीकधी जुन्या पानाचे डागच छापून आलेले असतात, पान उलटायचं आणि तोच डाग मागून उमटलाय का बघायचं, नसेल तर शंका घ्या. भिंगातून चित्रांवर लाटांसारखी जाळी दिसली तर ते छापील चित्राचं पुन्हा केलेलं स्कॅन असण्याची शक्यता खूप. यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर पांढरा चमकला तर विषयच संपला, तेव्हाच्या कागदात ते ब्राइटनर, म्हणजे कागद जास्त पांढरा दाखवणारी रसायनं, नसायचेच. (चमकला नाही म्हणून लगेच ओरिजिनल असंही नाही हं.) बहुतेक पल्पना कडेने आरपार पिना मारून वरून कव्हर चिकटवलेलं असतं, हल्लीच्या प्रतिकृतीत बऱ्याचदा नुसता गोंद.

खरी गोची होते ती एकाचं कव्हर दुसऱ्याच्या आतल्या पानांना चिकटवलेल्या प्रतींमध्ये, कारण कागदही जुना आणि कव्हरही जुनं. तिथे अनुक्रमणिकेच्या पानावरचा बारीक मजकूर वाचायचा, महिना, खंड, अंक, प्रकाशक. 'अस्टाउंडिंग' हे दुसरं अमेरिकन पल्प मासिक जानेवारी १९३० ला क्लेटन या प्रकाशकाकडून सुरू झालं आणि ऑक्टोबर १९३३ पासून स्ट्रीट अँड स्मिथ या दुसऱ्या प्रकाशकाकडे गेलं, म्हणजे कव्हर १९३१ चं आणि आत स्ट्रीट अँड स्मिथ असेल तर जोडकाम उघडं पडलं. पान नंबरही बघा, सुरुवातीच्या 'अमेझिंग'मध्ये ते एका अंकातून पुढच्या अंकात चालूच राहायचे, पहिला अंक ९६ पानांचा म्हणून मे १९२६ चा ९७ पासून सुरू होतो. नवखे लोक पानं गहाळ समजून चांगला अंक परत करतात!

ब्रिटिश आवृत्तीचा लेखात उल्लेखच नाही. 'अस्टाउंडिंग'ची ती १९३९ पासून निघायची, अमेरिकन अंकातला काही मजकूर गाळून. ती नकली नाही, पण अमेरिकन अंकही नाही, तेव्हा किंमत सेंटमध्ये छापलीय का तेवढं बघून घ्या.

पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापाच, आणि ऑनलाइन घेणाऱ्यांना सांगा की नुसत्या कव्हरच्या फोटोवर भाळू नका, अनुक्रमणिका, पिना आणि शेवटचं पान यांचे फोटो मागा, देत नसेल तर सोडून द्या.

आपला,
एक वाचक