बेटावर उतरू नका, तिथे झाडेही लावू नका

महोदय,

उन्हाळ्याची सुट्टी लागली की नाशिकहून रात्रभर प्रवास करून गाड्या मालवण-वेंगुर्ल्याला पोहोचतात. किल्ला बघून होतो, डॉल्फिन बघून होतात, मग होडीवाल्याकडे एक आग्रह हमखास होतो: ‘त्या समोरच्या बेटावर पाच मिनिटं उतरवा ना.’ नाशिककर वाचकांना आमची कळकळीची विनंती आहे, हा आग्रह धरू नका.

वेंगुर्ल्यासमोरच्या समुद्रातले खडक, म्हणजे वेंगुर्ला रॉक्स, सागरी सुरय (टर्न) पक्ष्यांच्या विणीसाठी शंभराहून अधिक वर्षे अभ्यासकांना माहीत आहेत. सुरय काड्यांचे घरटे बांधत नाही. काही जाती उघड्या जमिनीवर तळहाताएवढा खळगा करतात, काही कपारीच्या आडोशाला अंडे घालतात. अंडे मातकट, त्यावर तपकिरी ठिपके. दोन पावलांवरून बघितले तरी खडाच वाटतो, म्हणून ते पायाखाली येते. पण पायाखाली येणारी अंडी थोडी; खरे नुकसान उन्हाने होते. मे महिन्याच्या दुपारी दगडाला हात लावला तर चटका बसतो. त्या वेळी अंड्यावर बसलेला पक्षी ते उबवत नसतो, त्याला सावली देत असतो. माणूस चढला की सगळी वसाहत एकदम उठते. ती दहा-पंधरा मिनिटे हवेत राहिली की उघड्यावरच्या अंड्यातला जीव जातो. उरलेल्या अंड्यांवर कावळे आणि घारी उतरतात. सागरी सुरय एक, फार तर दोन अंडी घालतो. एक अंडे गेले की बहुधा त्या जोडीचे वर्ष गेले.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, प्रवासी होड्या बंद असतात, तेव्हा बेटांना आपसूक संरक्षण मिळते. धोका एप्रिल-मेचा. होडी किमान दीडशे मीटरवर थांबवावी, इंजिन मंद ठेवावे. ड्रोन उडवूच नये, सुरयांच्या लेखी ती घारच. तिथल्या गुहांमध्ये भारतीय पाकोळीची घरटी आहेत. हा पक्षी लाळेने घरटे खडकाला चिकटवतो आणि अंधारात स्वतःच्याच आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. सूपसाठी या घरट्यांची चोरटी तोड झाली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती राखण्याचे मोठे काम केले आहे. अशा गुहेत टॉर्च घेऊन शिरणे म्हणजे त्या कामावर पाणी ओतणे. वन्यजीव संरक्षण कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत अंडी फोडणे आणि घरटी विस्कटणे, दोन्ही येते.

दुसरा धोका माणसाच्या सामानातून उतरतो: उंदीर. जाळ्यांचा ढीग, गोणी, पुठ्ठ्याचे खोके ही त्याची लपायची ठिकाणे. गाभण मादी एकटी उतरली तरी पुरते. जेमतेम तीन आठवड्यांत ती पिल्ले घालते. म्हणून बेटाकडे जाणारे सामान घट्ट झाकणाच्या प्लास्टिक पिंपातच भरावे, जाळी झटकूनच होडीत टाकावी आणि होडी बेटाला रात्रभर बांधून ठेवू नये. पाळतीचा उपाय स्वस्त आहे. मेणात शेंगदाण्याचे लोणी मिसळून वड्या करायच्या आणि उतरण्याच्या जागेभोवती ठेवायच्या. वडीच्या कडेला दातांचे दोन समांतर चरे दिसले की उंदीर आला. विष मात्र विणीच्या काळात नको, आणि एरवीही उघडे टाकू नये. रक्त गोठू न देणाऱ्या (गोठणरोधी) विषाने उंदीर काही दिवसांनी मरतो. तोवर तो समुद्री गरुडाच्या पोटात गेला तर विषही तिथेच जाते. शिवाय थोडे उंदीर उरले तरी सगळी मेहनत वाया. दक्षिण अटलांटिकमधील साउथ जॉर्जिया बेटावर हेलिकॉप्टरने आमिष टाकावे लागले, तेव्हा कुठे 2018 मध्ये ते उंदीरमुक्त जाहीर झाले. मांजर हा तर उपायच नव्हे. न्यूझीलंडच्या स्टीफन्स बेटावर 1890च्या दशकात दीपगृह उभे राहिले, मांजरे आली आणि तिथला न उडणारा इवलासा रेन पक्षी काही वर्षांत संपला.

आता झाडांविषयी. ‘ओसाड बेट हिरवे करू’ म्हणणारे उत्साही गट आपल्या शहरात कमी नाहीत, त्यांचा हेतूही चांगला असतो. पण जमिनीवर वीण करणाऱ्या सुरयाला चहूकडे मोकळी नजर लागते. झाड उभे राहिले की कावळ्याला टेहळणीची फांदी मिळते. बेटासाठी काही करायचेच असेल तर वन विभागाच्या परवानगीने विणीआधी माजलेले गवत काढावे आणि पिल्लांच्या आडोशाला जुनी मंगलोरी कौले दोन-दोन टेकवून ठेवावीत. भाजणाऱ्या उन्हात पिल्लू त्याखाली शिरते, वरून घारीलाही दिसत नाही.

हे सारे आपल्या दारातही लागू आहे. गोदावरी-कादवेच्या संगमावरचे नांदूरमधमेश्वर 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की नदीपात्रात आणि जलाशयांत गाळाचे, वाळूचे उंचवटे उघडे पडतात. नदी सुरय, टिटव्या अशाच जागी अंडी घालतात. अशा वेळी धरणातून पाण्याचे आवर्तन सुटले आणि पाणी वीतभर जरी चढले तरी काठालगतची घरटी बुडतात. जलसंपदा आणि वन विभागाने फेब्रुवारीतच एकत्र बसून आवर्तनाच्या तारखा पाहाव्यात, उंचवट्यांवर खुणेच्या काठ्या रोवून पाणी कुठवर येईल ते ठरवावे. पातळी चढवायचीच असेल तर ती पक्षी बसण्याआधी, मार्चच्या सुरुवातीला चढवावी. मग ते आपोआप वरची जागा निवडतात. आणि उघड्या पडलेल्या गाळावर गुरे आणि भटकी कुत्री मे अखेरपर्यंत जाऊ नयेत, एवढे काठावरच्या गावकऱ्यांशी बोलून आतापासूनच ठरवता येईल.

— काही पक्षीनिरीक्षक, नाशिक